जाणतेपणाची कथा : कल्याण-भिवंडी आणि शिवचरित्र

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या गावाच्या अनुरोधाने इतिहासविषयक काही लिहावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा शिवचरित्रात भिवंडीचे नाव जेथे ठळकपणे येते त्या प्रसंगाकडे आमचे लक्ष साहजिकच वळले. प्रसंग सर्वांस परिचित आहे. तथापि परिचित गोष्टीकडे आपण निरखून पाहत नाही, हाही मनुष्यस्वभावच होय. ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा आपण गौरव करतो आणि ‘उद्याचे नेतृत्व तुमच्या हाती आहे’ असे त्यांस सांगतो. परंतु नेतृत्व कसे घडते, मनुष्य जाणता केव्हा होतो, ह्याचे उत्तर आपण बहुधा देत नाही. कल्याण-भिवंडीच्या इतिहासात ते उत्तर शोधण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम कथा पाहू. कल्याणचा सुभा काबीज झाला, खजिना हाती आला आणि त्याबरोबर सुभेदाराची लावण्यवती सूनही कैद झाली. आबाजी सोनदेवाने तिला महाराजांपुढे उभे केले. महाराजांनी तिला पाहून, आपली आई इतकी सुंदर असती तर आपणही तसेच सुंदर निपजलो असतो, अशा आशयाचे उद्गार काढले व साडीचोळी देऊन तिची सन्मानाने पाठवणी केली. ही कथा आमच्या पिढीने शाळेत ऐकली, गणेशोत्सवातील मेळ्यांत पाहिली, स्नेहसंमेलनांत बसविली. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४ साली ‘कल्याणचा खजिना’ हा मूकपट काढून ती पडद्यावर आणली. चित्रकार, कीर्तनकार, शाहीर ह्या सर्वांनी ती आपापल्या माध्यमातून रंगविली. मराठी मनाला पराक्रमी पुरुषाच्या जाणतेपणाचे एकच चित्र काढावयास सांगितले, तर ते बहुधा हेच चित्र काढील.

आता इतिहास काय म्हणतो ते पाहू. १६३६ च्या तहाने निजामशाही संपुष्टात येऊन उत्तर कोकण विजापूरकरांकडे गेले. कल्याण प्रांत मुल्ला अहमद ह्या विजापुरी सरदाराच्या ताब्यात होता. नोव्हेंबर १६५६ मध्ये महंमद आदिलशहा मरण पावला. पुढल्या वर्षी औरंगजेबाने विजापूरच्या मुलखावर स्वारी केली. आणि सप्टेंबर १६५७ मध्ये शहाजहान आजारी पडल्यामुळे औरंगजेबाचे सारे लक्ष दिल्लीच्या तख्ताकडे लागले. दोन्ही बलाढ्य सत्ता अशा रीतीने आपापल्या विवंचनेत गुंतल्या असता ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी घेतली. १९ फेब्रुवारी १६३० हा त्यांचा जन्मदिवस धरला, तर त्या वेळी त्यांस अठ्ठाविसावे वर्ष चालू होते.

ह्या धामधुमीच्या समकालीन कागदांत सुभेदाराच्या सुनेची कथा आढळत नाही. ग्रँट डफ ह्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात मुल्ला अहमद कैद झाल्याची व महाराजांनी त्याचा आदर राखून त्यास सन्मानपूर्वक परत पाठविल्याची हकीकत आहे. (डफने ही घटना १६४८ सालची मानली, ती चूक पुढील संशोधकांनी सुधारली.) शत्रूच्या अधिकाऱ्यास सन्मानाने निरोप दिल्याच्या ह्या हकीकतीभोवती लोकप्रतिभेने सुनेचे आख्यान गुंफले असावे, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच समजावा.

हे वाचून कोणा वाचकाचे मन खट्टू होण्याचे कारण नाही. कथेला कागदाचा आधार नसला, तरी कथेतील तत्त्वाला तो भरपूर आहे. खाफीखान हा मोगलांच्या पक्षाचा इतिहासकार. महाराजांविषयी त्याच्या लेखणीत प्रेम नाही. तरीही त्याने नमूद करून ठेवले आहे की, मशीद, कुराण व स्त्रिया ह्यांना उपद्रव होऊ नये असा शिवाजीचा सक्त नियम होता. कुराणाची प्रत हाती आली तर ती तो आदराने आपल्या मुसलमान सेवकाच्या स्वाधीन करी आणि कैद झालेल्या स्त्रियांवर, त्यांचे आप्त त्यांना सोडवून नेईपर्यंत, पहारा ठेवी. शत्रूने दिलेली अशी साक्ष मित्राच्या शंभर स्तोत्रांहून अधिक मोलाची असते.

त्याहूनही जुना पुरावा १६४६ सालचा आहे. पुण्याजवळील रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला. चौकशी होऊन गुन्हा शाबीत झाला, तेव्हा त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली व पाटीलकी काढून घेण्यात आली. ज्या पत्रात हे नमूद आहे, ते महाराजांच्या अगदी आरंभीच्या उपलब्ध पत्रांपैकी एक होय. त्या वेळी महाराज सोळाव्या वर्षात होते. शिक्षा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कठोर होती. परंतु आमचे लक्ष वेधून घेते ते चौकशीचे पाऊल. गावचा पाटील म्हणजे सत्तेचा आधार. ज्याच्या बळावर वसूल गोळा व्हावयाचा, त्याच्याच विरुद्ध एका स्त्रीची दाद घ्यावयाची, हे सोळाव्या वर्षी सोपे नव्हते.

त्याच पत्रांवरील मुद्राही येथे विचारात घेण्याजोगी आहे. शहाजीराजांची मुद्रा फारसी होती, जिजाऊसाहेबांचीही फारसीच होती. दरबारी रिवाजच तसा होता. पुत्राची मुद्रा मात्र संस्कृत, आणि तिच्यात प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाण्याची कल्पना आहे. वडिलांचा मान राखून, स्वतःस शहाजीचा पुत्र म्हणवूनच, मुलाने आपली निराळी ओळख उमटविली. व्यक्तित्व म्हणजे वडीलधाऱ्यांशी भांडण नव्हे, हे ह्या चार बोटांच्या शिक्क्याने जितके नेमके सांगितले आहे तितके मोठमोठ्या ग्रंथांनीही सांगितले नसेल. शिवाय प्रतिपदेची कोर एका रात्रीत पूर्ण होत नाही. ती कलेकलेने वाढते. जाणतेपणाची ह्याहून समर्पक उपमा आम्हांस ठाऊक नाही.

ही वाढ आपल्या गावाच्या खाडीवर कशी दिसली, ते आता पाहू. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी काय केले, ह्याचा समकालीन पुरावा पोर्तुगीजांच्या दप्तरात मिळतो. गोव्याचे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांच्या परिश्रमामुळे तो अभ्यासकांपुढे आला. १६५९ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने पोर्तुगालच्या राजास कळविले की, शहाजीच्या मुलाने वसई व चौल ह्यांच्या आसपासचा मुलूख घेतला असून भिवंडी, कल्याण व पनवेल येथे त्याने काही लढाऊ गलबते बांधली आहेत. ती बाहेर पडू नयेत अशी व्यवस्था आम्ही केली आहे. मराठ्यांच्या आरमाराचा जन्म हा असा आपल्या उंबरठ्यावर झाला.

ह्या साहसाचे मर्म समजण्यास भूगोल ध्यानी घेतला पाहिजे. भिवंडीची कामवारी नदी खाडीस मिळते. कल्याणहून येणारी उल्हास नदी ठाण्याजवळ फुटून एक फाटा वसईकडे व दुसरा ठाण्याच्या खाडीतून मुंबईकडे जातो. दोन्ही मुखे त्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. म्हणजे गलबत बांधावयाचे आपल्या काठावर आणि समुद्रात न्यावयाचे ते परक्याच्या दारातून! घाटावर वाढलेल्या, घोड्यावरची लढाई जाणणाऱ्या पुरुषाने हा उद्योग आरंभिला, ह्याचे कारण दंडाराजपुरीचा सिद्दी. कोकणकिनाऱ्याची रयत त्याच्या उपद्रवाने गांजली होती आणि समुद्रावरील शत्रूस समुद्रावरच गाठणे प्राप्त होते.

जहाजे बांधण्याचे पाश्चात्त्य ज्ञान आपल्याकडे नव्हते. महाराजांनी ते परक्याकडून घेण्यात कमीपणा मानला नाही. रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कसबी व त्याचे साथीदार कामावर ठेवले गेले. पुढे वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांचे मन वळविले आणि ही मंडळी काम टाकून निघून गेली. नाटककाराला ह्या प्रसंगात रस वाटत नाही. चित्रकाराने तो कधी रंगविला नाही. परंतु कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा, ज्याच्यावर भिस्त ठेवली तो ऐन वेळी निघून गेला, हा अनुभव त्याला लढाईतील घावापेक्षा अधिक झोंबतो. काम मात्र थांबले नाही. ते येथल्या सुतारांच्या, लोहारांच्या, खलाशांच्या हातांनी पुढे चालले. मे १६६१ मध्ये कल्याण मोगलांकडे गेले आणि १६७० पर्यंत परत आले नाही. तरीही आरमार वाढतच राहिले. १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः बसरूरच्या स्वारीस समुद्रमार्गे गेले, तेव्हा बरोबर ८५ लहान व ३ मोठी गलबते होती, असे इंग्रजांच्या वखारीने नोंदविले आहे. सभासदाच्या बखरीत ह्या आरमाराच्या सुभेदारांपैकी दर्यासारंग मुसलमान व मायनाक भंडारी असल्याचे सांगितले आहे. जातिधर्माचा विचार न करता गुण पाहून माणसे निवडण्याची ही रीत होती.

ह्या रीतीचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, उतरले आहे. आरमारासाठी सागवान लागते, ते हुजूरची परवानगी घेऊन रानातून तोडावे. परंतु रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्या ग्रंथाचा उपदेश आहे. राज्याच्या मोठ्या कार्यापुढे एका कुळंब्याच्या झाडाची पर्वा करावयाची, हे आम्हांस नेतृत्वाचे खरे लक्षण वाटते.

आता साहित्याकडे पुन्हा वळू. कथा आणि नाटक ह्यांना क्षण हवा असतो. एका क्षणी नायक तरुणाचा जाणता होतो आणि पडदा पडतो. सुभेदाराच्या सुनेच्या कथेने असा क्षण दिला, म्हणून ती कलावंतांना प्रिय झाली. कागदपत्रे मात्र वेगळी हकीकत सांगतात. रांझ्याचे पत्र, संस्कृत मुद्रा, भिवंडीची गलबते, निघून गेलेला कारागीर आणि अमात्यांचे आज्ञापत्र ह्यांतून दिसते ते कलेकलेने वाढलेले जाणतेपण. मराठी साहित्यही कालांतराने इकडे वळले. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ ह्या १९६२ च्या नाटकाने महाराजांना पिता म्हणून रंगभूमीवर आणले. थोर पित्याच्या छायेत वाढणाऱ्या संभाजीराजांचे स्वतंत्र मन प्रेक्षकांपुढे उभे केले. थोर पुरुषाच्या घरातही मुलाला स्वतःचे मन असते, हे आमच्या समाजाने त्या नाट्यगृहात बसून ऐकले.

कल्याणच्या त्या कथेत एक उणीव मात्र तशीच राहिली. तिच्यात महाराज बोलतात, आबाजी बोलतो; ती स्त्री बोलत नाही. तिला नावदेखील नाही. कोणाची सून, एवढीच तिची ओळख. जिच्या सन्मानाची कथा म्हणून आपण ती तीनशे वर्षांनंतरही सांगतो, तिला काय वाटले हे आपण कधी विचारले नाही. आपल्या मेळाव्यातील एखाद्या मुलीने ही कथा तिच्या बाजूने लिहिली, तर आम्ही ती पुढल्या अंकात आनंदाने वाचू.

ज्ञातिबंधुभगिनींनो, ही कथा ज्या भूमीत घडल्याचे आपण मानतो, ती भूमी कथेला नेहमीच जागली असे म्हणता येत नाही. ७ मे १९७० रोजी, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी, भिवंडीत दंगल उसळली आणि अनेक घरे उजाड झाली. न्यायमूर्ती मादन ह्यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ साली पुन्हा तेच घडले. ज्याच्या सैन्याला परधर्मीयांच्या स्त्रियांस व धर्मग्रंथांस हात लावण्याची मनाई होती, त्याच्याच उत्सवाच्या दिवशी असे व्हावे, ह्याहून मोठे दुःख कोणते? तथापि इतिहास तेथेच थांबला नाही. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांच्या पुढाकाराने गावात मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे एकत्र बसू लागली, एकमेकांची गाऱ्हाणी ऐकू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत बसलेल्या माणसांची नावे कोणत्याही नाटकात येणार नाहीत. खाडीकाठच्या सुतारांची तरी कोठे आली? परंतु गाव वाचले ते त्यांच्यामुळे.

म्हणून मुलांना कल्याणची कथा अवश्य सांगावी. ती कथा म्हणून सांगावी, आणि तिच्याजवळ रांझ्याचे पत्र व भिवंडीची गलबतेही ठेवावीत. जाणतेपण एका उद्गाराने सिद्ध होत नाही. ते दुर्बलाची दाद घेण्यात, परक्याकडून विद्या शिकण्यात, साथीदार सोडून गेला तरी काम न टाकण्यात आणि शेजाऱ्याच्या आंब्याला हात न लावण्यात रोज थोडेथोडे वाढते. आपल्या ज्ञातीतील तरुणतरुणींच्या ठायी ते प्रतिपदेच्या कोरीप्रमाणे वाढत राहो, हीच आमची प्रार्थना.