डॅनियल टारुलो
डॅनियल टारुलो (जन्म: १९५२) हे अमेरिकन विधिज्ञ, कायद्याचे प्राध्यापक व बँक-नियमनाचे अभ्यासक आहेत. त्यांनी मिशिगन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. 'बँकिंग ऑन बासल' (२००८) या ग्रंथात त्यांनी बासल-२ करारावर टीका केली. भांडवलाची गरज बँकांनी स्वतःच्याच गणिती प्रारूपांवरून ठरवणे त्यांना अमान्य होते.

२००९ ते २०१७ या काळात ते फेडरल रिझर्व्हच्या नियामक मंडळाचे सदस्य होते. २००९ मध्ये १९ मोठ्या बँकांची ताण-चाचणी झाली. मंदी तीव्र झाल्यास भांडवल पुरेल का, हे तीत तपासले गेले. १० बँकांना एकूण सुमारे ७५ अब्ज डॉलर उभारावे लागणार होते. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने पर्यवेक्षणासाठी उपाध्यक्षपद निर्माण केले. टारुलो यांच्या कार्यकाळात ते रिक्तच राहिले. त्या पदाचे काम प्रत्यक्षात त्यांनीच सांभाळले.