बाहलाचा मातीचा किल्ला

किल्ला म्हटला की आम्हां गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे आग्वादचा चिरा उभा राहतो. मस्कतही १६५० पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं. तिथले त्यांचे जलाली आणि मिरानी हे किल्ले दगडाचे. पण समुद्र सोडून ओमानच्या आत, जबल अखदरच्या पायथ्याशी गेलं की बाहलाचा किल्ला दिसतो, तो चक्क मातीचा! पाया तेवढा दगडी, वर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. बाराव्या ते पंधराव्या शतकापर्यंत बनू नबहान टोळीचा अंमल इथून चालला. गावाभोवतीचा तट सुमारे १२ किलोमीटरचा. त्याच्या पोटात फलज म्हणजे पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या खजुराच्या बागासुद्धा आहेत.

जाड मातीची भिंत दिवसभराचं ऊन सावकाश पिते, म्हणून आत गारवा. पाऊस तिथे क्वचित, पण जेव्हा पडतो तेव्हा भिंत झिजतेच. तिच्यावर सतत हात फिरवणारी माणसं लागतात. ती राहिली नाहीत आणि बाहला खचत गेला. १९८७ साली जागतिक वारशात नाव आलं, पुढच्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीत! तिथून सुटका २००४ साली. डागडुजीही शेवटी मातीनेच करावी लागली.

हे वाचताना आमचं जुनं घर आठवलं. आजी चतुर्थीआधी मातीच्या भिंती लिंपायची. तिच्या मागे आम्ही शहाणपणा करून सिमेंटचा गिलावा दिला. आत ओल कोंडली आणि दोन पावसाळ्यांत तो मातीसकट खाली आला. मागची भिंत अजून मातीचीच आहे. यंदा ती कोण लिंपणार, यावर घरात बोलणं चाललंय.