तंजावरची मराठी चूल

तंजावरची मराठी खाद्यपरंपरा 1676 च्या सुमारास सुरू होते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी नायकांच्या या राजधानीत भोसल्यांचे राज्य स्थापले आणि त्यांच्यामागोमाग सरदार, कारकून, शास्त्री व आचारी कावेरीकाठी येऊन स्थिरावले. 1855 मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. मधल्या जवळजवळ एकशेऐंशी वर्षांत मराठी आणि तमिळ स्वयंपाक एकमेकांत असे मिसळले, की आज कित्येक पदार्थांचे मूळ दोन्हीकडच्या खाणाऱ्यांना ठाऊक नसते.

या मिश्रणाला जमिनीनेच आकार दिला. कावेरीचे खोरे भाताचे. तिथे ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडली आणि ताटात भात मुख्य झाला. तिळाचे तेल, चिंच, ओला नारळ आणि कढीपत्ता रोजच्या वापरात आले. कालवण मात्र मराठी वळणाचेच राहिले.

या काळातला पहिला मोठा लेखी पुरावा म्हणजे रघुनाथ गणेश नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ. तो सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला. एकोजींच्या राणी दीपाबाई यांचा नवहस्तांना आश्रय होता. धान्ये, भाज्या, दूधदुभते आणि पक्वान्ने यांचे गुणदोष ते वैद्यकाच्या अंगाने सांगतात. त्यांनी वर्णिलेली ‘कुंडलिनी’ म्हणजे आजची जिलबी, हे संशोधक प. कृ. गोडे यांनी दाखवून दिले. राजवाड्याच्या आश्रयाने आहारावर इतका सविस्तर ग्रंथ व्हावा, यातच त्या दरबाराची अभिरुची दिसते.

तंजावरच्या खाण्याचा विषय निघाला की सांबाराची कथा हटकून सांगितली जाते. संभाजीराजे पाहुणे आले असता मुदपाकखान्यात आमसूल संपले, म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुण्यांच्या नावावरून पदार्थाला सांबार म्हटले गेले, अशी ती कथा. समकालीन कागदांचा आधार तिला नाही. शिवाय तुरीची डाळ आणि भाज्या घातलेल्या ‘हुळी’चे वर्णन गोविंद वैद्य यांच्या 1648 च्या कन्नड काव्यात आधीच आढळते. चिंच-गुळाची आमटीही देशावरच्या घरांना परकी नव्हती. कथा गोड आहे, पण तिच्या गाजावाजात तंजावरचे खरे योगदान झाकले जाते, आणि हा त्या घराघरांतल्या स्वयंपाकावर अन्याय आहे.

ते योगदान साध्या पदार्थांत आहे. महाराष्ट्रात पिठले बेसनाचे. तंजावरी ‘पिटलै’त वांगी किंवा कारली, तुरीची डाळ, चिंच आणि भाजून वाटलेले खोबरे-मसाला असतो. ‘रसवांगी’ हे वांग्याचे दाट कालवण डाळ, नारळ आणि थोड्या चिंचेवर शिजते. उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेले डांगर तिथे ‘डांगर पच्चडी’ झाले. कोशिंबीर ‘कोसुमल्ली’ या नावाने तमिळ लग्नांच्या पंगतीत पोहोचली. पुरणपोळीही तमिळ घरांत आणि मिठाईच्या दुकानांत ‘पोळी’ म्हणूनच ओळखली जाते.

स्थलांतरितांच्या स्वयंपाकाचे असे उदाहरण पेरूतही आहे. 1899 मध्ये ‘साकुरा मारू’ जहाजाने 790 जपानी मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी नेले. पुढे त्यांच्या वंशजांनी मासे कापण्याच्या जपानी कौशल्याला पेरूच्या लिंबू-मिरचीची जोड दिली. तो स्वयंपाक आता ‘निक्केई’ नावाने जगभर महागड्या हॉटेलांत वाढला जातो. तिथले आगंतुक मजूर होते, इथले राज्यकर्ते. तरीही हातची पद्धत जुनी ठेवायची आणि जिन्नस नव्या बाजारातून घ्यायचे, ही चाल दोघांची सारखीच. ज्या मिरचीशिवाय तंजावरची आमटी होत नाही, तीही मूळची अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेली.

दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या काळात अन्नाचा हा व्यवहार राजवाड्याबाहेरही दिसतो. त्यांच्या ग्रंथप्रेमाने समृद्ध झालेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा पाककृतींचा ग्रंथ जतन झाला. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, यात्रेकरूंना जेवण मिळे; 1801 मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी या अन्नदानाचा कळकळीने पुरस्कार केला. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांनीच 1802 मध्ये उभारले.

संस्थान गेल्यावर दरबारी मुदपाकखान्याचा आधार तुटला. सामिष पाककृती राजघराण्यात आणि मोजक्या मराठा कुटुंबांत उरल्या. देशस्थ घरांतला शाकाहारी स्वयंपाक नोकरदार कुटुंबांबरोबर कुंभकोणम, चेन्नई, बंगळूरला गेला. त्या घरांत आजही तंजावरी मराठी बोलली जाते, आणि रसवांगी व डांगर पच्चडी रांधली जाते.