आरोग्यविषमता व सेवागुणवत्ता

आरोग्यविषमता व सेवागुणवत्ता : एकाच समाजातील निरनिराळ्या वर्गांत, वंशांत, प्रदेशांत किंवा स्त्रीपुरुषांत आयुर्मान, रोगमान व मृत्युमान यांबाबत आढळणाऱ्या, टाळता येण्याजोग्या तफावतीस आरोग्यविषमता म्हणतात. दारिद्र्य, अपुरे अन्न, अनारोग्यकारक निवास व निरक्षरता ही तिची मूळ कारणे होत. तथापि उपचारांच्या कमीअधिक दर्जामुळेही ती वाढते. सेवेचे मोजमाप करून उणिवा शोधणे, कार्यपद्धती बदलणे व परिणाम पुन्हा मोजणे, या क्रमास गुणवत्तासुधारणा ही संज्ञा आहे. या साधनाने विषमता कितपत कमी होऊ शकते, याचा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला.

अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया व फलित या तीन अंगांनी पारखण्याची पद्धत मांडली. त्यानंतर १९७१ मध्ये वेल्समधील डॉक्टर जूलियन ट्यूडर हार्ट यांनी ‘व्यस्त सेवानियम’ प्रतिपादिला. जेथे गरज अधिक तेथेच चांगली सेवा कमी मिळते, असा त्याचा आशय असून बाजारपेठेच्या प्रभावाने ही स्थिती अधिकच बिकट होते, असे त्यांचे मत होते. ग्लिनकॉरग या कोळसाखाणींच्या खेड्यात ते काम करीत. दवाखान्यात आपण होऊन येणाऱ्या रुग्णांवरच न विसंबता त्यांनी गावातील प्रौढांचा रक्तदाब मोजला, न आलेल्यांचा पाठपुरावा केला आणि स्वतःच्या कामाच्या नोंदी वारंवार तपासल्या. या पंचवीस वर्षांच्या कार्याचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या तशाच एका खेड्याच्या मानाने येथील अकाली मृत्यूंचे प्रमाण कमी असल्याचे त्यात दिसून आले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील डायलिसिसचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुतेक रुग्णांच्या उपचारांचा खर्च शासकीय विम्यातून मिळू लागला. पैशाचा अडसर अशा रीतीने बराचसा दूर झाला, तरी दर्जातील भेद उरलाच. १९९३ मध्ये पुरेसे रक्तशुद्धीकरण ४६% श्वेतवर्णीय रुग्णांना, परंतु केवळ ३६% कृष्णवर्णीय रुग्णांना मिळत होते. पुढे केंद्रांकडून नियमित आकडेवारी घेणे, ती त्यांना परत कळविणे व उणिवा दुरुस्त करविणे असा राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात आला. २००० साली हीच प्रमाणे अनुक्रमे ८७% व ८४% झाली; म्हणजे १० टक्क्यांचे अंतर ३ वर आले. स्त्रीपुरुषांमधील अंतरही २३ वरून ९ टक्क्यांपर्यंत घटले. याच काळात रक्तक्षयावरील उपचारही सुधारले. वंशभेदानुसार असलेले अंतर मात्र त्याबाबत लक्षणीय घटले नाही. पोषणाच्या बाबतीतही तेच झाले. सरासरी उंचावली म्हणजे विषमता आपोआप मिटते असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

वरील उदाहरणांत रुग्ण सेवेच्या टप्प्यात तरी होता. जेथे तो रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, तेथे प्रश्नाचे स्वरूप बदलते. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात अनेक नवजात अर्भके घरीच जन्मत व घरीच दगावत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघर नवजात शुश्रूषा सुरू केली. अर्भकास ऊब देणे, स्तनपान, गुदमरलेल्या बालकाचा श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके टोचणे ही कामे त्या करीत. त्यांच्या नोंदी व कौशल्ये यांची तपासणी होत असे. या गावांतील नवजात मृत्युमान दरहजारी सुमारे ६२ वरून १९९७-९८ मध्ये सुमारे २५ पर्यंत उतरले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते जवळजवळ होते तसेच राहिले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघर नवजात शुश्रूषेचा कार्यक्रम स्वीकारला.

या प्रयत्नांचे समान सूत्र मोजणीत आहे. आलेल्या रुग्णांबरोबर न आलेले आणि एकूण सरासरीबरोबर प्रत्येक समाजगट वेगळा मोजला, तरच उणीव नेमकी कोणाच्या वाट्यास येते ते कळते. दारिद्र्याचे मूळ अशा उपायांनी नाहीसे होत नाही. परंतु उपलब्ध ज्ञान असूनही केवळ सेवेच्या उणिवेने होणारे मृत्यू त्यांनी टळू शकतात.