बहात्तरची भूक

बीएमआयला हे नाव १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिलं. सूत्र मात्र एकोणिसाव्या शतकातल्या केटलेचं. आमच्या घरात बहात्तर म्हणजे दुष्काळ. खडी फोडायची, सुकडी खायची, लाल मिलोची भाकरी कशीबशी गिळायची. त्यानंतर आजी माणदेशातून भांडुपला आली.

तिच्या उशाशी अजून खाऊचा डबा असतो. पोट भरलं तरी ती ताट पुसून खाते. वजन वाढलंय, डॉक्टर रागावतात, घरचे ‘हावरट’ म्हणून हसतात.

गंमत म्हणजे याचं उत्तर कीजकडेच होतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात त्याने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव भाग घटलं. माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, ताटं चाटू लागली, चिडचिडी झाली. पुढे भरपूर अन्न मिळाल्यावरही काहींना कितीतरी महिने पोट दुखेपर्यंत खाऊनही समाधान होईना. मुळात ही माणसं हावरट नव्हती. ते भुकेनं केलं होतं. शिवाय हे दिवस कधी संपणार ते त्यांना ठाऊक होतं. माणमध्ये कुणालाच नव्हतं.

हे निष्कर्ष १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापले गेले. आमच्या ऑफिसच्या आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर मात्र कीजचा फक्त बीएमआय आला. उंची, वजन, भागाकार. आजीच्या केसपेपरवरही तेवढंच.