तळटीप : ‘हुशार मेंदू कमी राबतो’ या विधानाविषयी

लेखकाच्या या वाक्यामागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हायर आणि सहकाऱ्यांचा १९८८ सालचा प्रयोग आहे. आठ जणांना किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचून रेव्हनची आकृतिकोडी सोडवायला दिली. नऊ चौकटींची नक्षी, त्यातली शेवटची चौकट रिकामी आणि खाली आठ पर्याय. कोणाच्या मेंदूने किती ग्लुकोज खर्च केले, हे मग पेट स्कॅनवर पाहिले. ज्यांची उत्तरे अधिक बरोबर आली, त्यांचा खर्च कमी निघाला! पुढे १९९२ मध्ये काही आठवडे टेट्रिस खेळलेल्यांतही सरावाने गुण वाढले आणि ग्लुकोजचा खर्च घटला.

यातून मेंदूच्या काटकसरीची कल्पना रूढ झाली. पण आठ माणसांच्या जोरावर एवढा डोलारा उभा करता येत नाही. काम फार अवघड झाले की हुशार माणसांचा मेंदू अधिक राबतो, असेही नंतरच्या काही अभ्यासांत दिसले. २००७ मध्ये हायर आणि रेक्स युंग यांनी ३७ अभ्यास एकत्र तपासले, ते मला अधिक मोलाचे वाटते. त्यांच्या मते बुद्धी मेंदूत एका जागी नसते. कपाळामागचा भाग, माथ्याखालचा भाग आणि त्यांना जोडणारे तंतू किती नीट मिळून काम करतात, यावर ती अवलंबून असते.

काटकसरीमुळे हुशारी येते की हुशारीमुळे काटकसर, याचा निवाडा या मोजमापांतून होत नाही. लेखकाचे ‘सिद्ध झाले आहे’ हे म्हणणे वाचकांनी एक अंदाज म्हणूनच घ्यावे.

— संपादक