लख्ख टाकीत मासे का मरतात? एका रासायनिक कोड्याचा इतिहास

काचेची टाकी घासून लख्ख करावी, ताजे पाणी भरावे, मासे सोडावेत आणि आठवडाभरात ते एकेक करून पाण्यावर उताणे तरंगू लागावेत! लहानपणी हे दुःख आपल्यापैकी अनेकांनी सोसले असेल. या कोड्याने एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनाही चकवले होते.

१८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनचे काचपात्र निम्मे भरले. तळाशी वाळू आणि चिखल, त्यात व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि सोबत दोन लहान सोनमासे. हिशेब सरळ होता : माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा आणि उजेडात तिने दिलेला प्राणवायू माशांनी घ्यावा. परंतु काही काळाने जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टन यांनी मग तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हे निरीक्षण लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पाहता पाहता घरोघरी टाक्यांचे वेड पसरले.

हिशेब चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. मासे कल्ल्यांवाटे अमोनियाही बाहेर टाकतात आणि तो त्यांना विषासमान असतो. या विषाचे पुढे काय होते?

उत्तर मिळाले ते, गंमत म्हणजे, सांडपाण्यात. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. वाळूत क्लोरोफॉर्म सोडताच ते थांबले. म्हणजे हे काम निर्जीव वाळूचे नव्हते, सजीवांचे होते! १८९० च्या सुमारास झ्युरिखमध्ये सर्गेई विनोग्रादस्की यांनी ते जिवाणू वेगळे केले. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य.

ते वीस दिवस ध्यानात घ्या. नव्या टाकीतही हे जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. आपण लख्ख घासून काढतो ती टाकी पुन्हा ‘नवी’ होते.

जुन्या टाकीचा धोका निराळा. हे जिवाणू पाणी हळूहळू आम्लधर्मी करतात, सामू उतरतो. सामू कमी असताना अमोनिया बव्हंशी अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात राहतो. एकदम सगळे पाणी बदलले, की सामू चढतो आणि उरलेसुरले अमोनियम पुन्हा विषारी होते. म्हणून जाणकार एका वेळी थोडेच पाणी बदलतात, आणि फिल्टरचा स्पंज क्लोरीनयुक्त नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घेतात.